वाळू कुणी टाकली? आप्पांबरोबर कोगनोळी ते जैसलमेर

पहिलं सांगून टाकते, मे महिन्यात जैसलमेरला जाऊ नका. शहाणी माणसं दिवाळीनंतर जातात, उंटावर बसून फोटो काढतात, थंडीत शेकोटीशेजारी गाणी ऐकतात आणि परत येतात. आम्ही भर मेमध्ये गेलो. एक तर माझी शाळा त्याच महिन्यात बंद असते, आणि दुसरं म्हणजे माझा भाऊ सुनील मे महिन्यातच तिकडे गेला. गेला म्हणजे वारला. हे प्रवासवर्णन आहे, पण ते तिथूनच सुरू होतं, त्याला माझा इलाज नाही.

जायचं ठरलं ते एका भांडणामुळे. आमच्या कोगनोळीच्या घराशेजारी बाबू राहतो, त्याच्या घराच्या स्लॅबचं काम निघालं होतं. त्यानं टिप्परभर वाळू आणून रस्त्यावर ओतली, जशी सगळेच ओततात. आप्पा, म्हणजे माझे वडील, बाहेर आले आणि त्या ढिगाशेजारी उभं राहून त्यांनी आख्खी गल्ली गोळा केली. "रस्ता काय तुज्या बाचा हाय व्हय रं? कुनाचं पोरगं घसरून पडलं तर कोन जबाबदार?" बाबू भला माणूस, हात जोडून "आप्पा, उद्या सकाळी उचलतो" म्हणत राहिला. शेवटी आप्पांचा आवाज फुटला आणि ते तिथंच कट्ट्यावर बसले. आईनं मला फोन केला, "ह्यास्नी कुटंतरी घिऊन जा बाई. गावात वाळू घ्यायची चोरी झालीया."

सुनीलनं बेळगावात आयटीआय केलं आणि पवनचक्क्यांच्या कामाला लागला. आधी इकडे, मग जैसलमेरकडे. फोन आला की म्हणायचा, "आक्का, इथं वारं असं सुटतंय की बोलायला तोंड उघडलं तर दाताखाली वाळू." एका संध्याकाळी साइटवरून जीपनं परतताना वळणावर गाडी घसरली आणि उलटली. बाकीच्यांना खरचटलं, सुनील गेला. त्याच्या सोबतच्या मुलानं रडत फोनवर एवढंच सांगितलं होतं की रस्त्यावर वाळू होती.

त्या एका वाक्यावर आप्पांनी तीन वर्षं काढली. आमच्याकडे रस्त्यावर वाळू दिसली की ती कुणीतरी टाकलेली असते. दूधगंगेतून, वेदगंगेतून काढलेली, ट्रॅक्टरनं आणलेली, कुणाच्या तरी बांधकामाची. तिला मालक असतो. त्यामुळे आप्पांचा हिशेब सरळ होता. तिकडेही कुणीतरी वाळू टाकली, उचलली नाही आणि आपलं पोरगं मारलं. त्या माणसाला बघायचं होतं त्यांना. मारायचं वगैरे नव्हतं, नुसतं समोर उभं राहून विचारायचं होतं.

मी भूगोल शिकवते. वाऱ्याच्या संचयन कार्यामुळे वाळूच्या टेकड्या तयार होतात, हे वाक्य मी वर्गात इतक्यांदा सांगितलंय की झोपेतही म्हणेन. परीक्षेला थोडक्या मार्कांचा प्रश्न, सोबत आकृती काढा. ते मी आप्पांना सांगायला गेले, तर माझ्याकडे असं बघितलं की मी त्या टिप्परवाल्याची वकीलच. "वारा काय टिप्पर हाय व्हय वैशे? आनून ओतायला?"

मग काय, काढली तिकिटं.

आप्पा आणि आई आदल्या दिवशी लाल बसनं बेळगावला आले. कर्नाटकाच्या बसमध्ये बायकांना प्रवास मोफत, म्हणून आईचं तिकीट फुकट, आप्पांचं तेवढं काढावं लागलं, त्यावरून निपाणीपासून काकतीपर्यंत आईनं त्यांना चिडवलं म्हणे. हायवेचं काम चालूच आहे, त्यामुळे संकेश्वरच्या पुढे बस डुलत येते, वेळ हातचा राखून निघा. आई आमच्या टिळकवाडीच्या फ्लॅटवर मुलांपाशी राहिली. तिला यायचं नव्हतं. "मी तितं बगू तरी काय?" म्हणाली आणि भाकऱ्या बांधायला घेतल्या.

सामानात एक बोचकं होतं, टॉवेलात गुंडाळलेलं आणि दोरीनं आवळलेलं. उचलायला गेले तर हात खाली आला. आप्पांनी निपाणीत काळ्या दगडाची पाटी घडवून घेतली होती. त्यावर सुनीलचं नाव आणि खाली गाव. त्याच्या सोबतच्या मुलांनी अपघाताच्या जागी पिवळे दगड रचून एक चौथरा बांधला होता, त्याचा फोटो पाठवला होता. तो फोटो आमच्या सोप्यात चौकटीत आहे, आई रोज त्याच्यासमोर दिवा लावते. फोटोत नाव ऑइलपेंटनं रंगवलेलं दिसतं. "रंग किती दिस टिकनार?" आप्पा म्हणाले. म्हणून ही पाटी.

बेळगावहून जोधपूरला थेट गाडी आहे, पण रोज नाही, आठवड्यातले ठरावीक दिवस. बंगळूरहून येते, बेळगावला सकाळी मिळते आणि जोधपूरला दुसऱ्या दिवशी उतरवते. थर्ड एसीला दोन-अडीच हजार धरा, सुट्टीत दोन महिने आधी काढा. स्लीपरनं मेमध्ये जाण्याचा विचारही करू नका. आम्ही भाकऱ्या, शेंगदाण्याची चटणी, खर्डा आणि बेळगावच्या गोड कुंद्याचा डबा घेतला होता. मिरजेला चहा, पुण्याला रात्रीचं जेवण. पाटी आप्पांनी बाकाखाली न ठेवता उशाला घेतली. समोरच्या बर्थवरच्या मारवाडी काकांनी विचारलं, "पत्थर है क्या इसमें?" आप्पा म्हणाले, "पोरगा हाय." काकांना मराठी किती कळलं कोण जाणे, पण त्यांनी आपली चादर आप्पांच्या पायावर टाकली.

गुजरात झोपेतच संपला. सकाळी खिडकीबाहेर बाभळीसारखी काटेरी झाडं आणि मोर. आप्पा बाहेर बघत राहिले. शेतकरी माणूस, त्यांना सगळ्यात आधी जमीन दिसते. "हितं काय पिकतंय?" "बाजरी, मूग, गवार," काका म्हणाले. "पानी?" काकांनी हात आभाळाकडे केला.

जोधपूरला स्टेशनजवळ रात्र काढली. किल्ला बघितला नाही, रागावू नका. सकाळच्या बसनं जैसलमेर. बस आरामाची आहे, पण दुपारच्या आत पोचेल अशीच घ्या. पोखरणच्या पुढे आभाळ मोठं होत जातं आणि मग एकदम पवनचक्क्या लागतात. एक, दोन, मग नजर जाईल तिथवर. पांढऱ्या, संथ फिरणाऱ्या. आप्पांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "ह्याच्या वर चडत व्हता?" मी मान हलवली. "भ्या वाटत नसंल?" मला सुनील आठवला, चिंचेच्या झाडावरून उतरायला घाबरणारा, "आक्का, हात धर की गं" म्हणणारा. मला रडू आलं आणि मी ते बसमध्येच रडून घेतलं. शेजारच्या बाईनं पाण्याची बाटली पुढे केली.

जैसलमेरला गडाच्या पायथ्याशी साधी गेस्टहाउसं भरपूर आहेत, उन्हाळ्यात निम्म्या भावात मिळतात. कूलर चालू आहे का ते बघून घ्या. जेवायला केर-सांगरीची भाजी, बाजरीची भाकरी, कढी आणि वर भांडंभर ताक. आप्पांना बाजरी उष्ण पडते, पण कढी त्यांनी मागून घेतली. जेवता जेवता मालकाला विचारलं, "इधर रस्त्यावर वाळू कोन टाकता?" मालकाला वाटलं चेष्टा करतायत. हसून म्हणाला, "ऊपरवाला." आप्पांनी ताट सरकवलं. मी मालकाला बाजूला घेऊन सगळं सांगितलं, तेव्हा त्याचा चेहरा उतरला. त्यानंच आम्हाला खेताराम मिळवून दिला, जीपवाला. "वो उधर का ही है," म्हणाला.

खेताराम चाळिशीचा, कमी बोलणारा. पहाटे निघायचं, दहाच्या आत परत यायचं, नाहीतर ऊन मारतं, अशी त्याची अट. आम्ही उजाडताना निघालो. खुरीच्या बाजूचा रस्ता. उजेड आला तसं वारं वाढलं आणि मी जे इतकी वर्षं फळ्यावर काढत आले होते ते खिडकीतून बघितलं.

वाळू उडत नव्हती. मला वाटायचं ती धुळीसारखी हवेत उडत असेल. ती सरपटत होती. डांबरावरून बारीक बारीक दोरे पळत होते, घोट्याच्या उंचीचे, एकामागून एक, या कडेकडून त्या कडेला. एक कण उडी मारतो, खाली पडताना दुसऱ्याला उडवतो, तो तिसऱ्याला. आप्पांनी गाडी थांबवायला सांगितली आणि उतरून रस्त्याच्या मधोमध उभे राहिले. वाळू त्यांच्या चपलांना आपटून दोन्ही बाजूंनी निघून जात होती. बराच वेळ ते पायाकडे बघत राहिले.

"मानूस न्हाई दिसत कुटं," शेवटी म्हणाले.

"नाहीच आप्पा."

"म्हंजी मळनीत वारं देतो तसं. जड हितं पडतंय, हलकं म्होरं जातंय."

"तसंच."

ते गाडीत येऊन बसले. मला वाटलं, कळलं, सुटलो. मला खरं सांगायचं तर जरा बरंच वाटलं. आता शांतपणे पाटी लावू, नमस्कार करू, परत जाऊ.

त्या वळणाच्या थोडं अलीकडे एक चहाची टपरी आहे. खेताराम म्हणाला, चहा घेऊ. पण आप्पांना आधी चौथरा बघायचा होता. मग आम्ही चालतच पुढे गेलो.

फोटोतला चौथरा कमरेएवढा होता. तिथे गुडघ्याएवढाच दिसत होता. वाऱ्याकडच्या बाजूला दगड नीट दिसत होते, अर्धवट पुसलेलं नावही. पण मागच्या बाजूला, रस्त्याकडच्या, वाळूचा लांब ढीग होता. चौथऱ्याला टेकलेला, निमुळता होत होत डांबरावर चढलेला. निम्मा रस्ता त्यानं खाल्ला होता. आप्पांनी हातानं वाळू ओढायला सुरुवात केली. "बुजत चाललाय," म्हणाले. टॉवेल सोडून पाटी काढली, चौथऱ्याशेजारच्या मोकळ्या जागेत उभी रोवून ठेवली आणि म्हणाले, "च्या पिऊन येऊ. मग बसवू."

टपरीवर बाहेरच्या बाजेवर आम्ही बसलो. आत खेताराम आणि चहावाला बोलत होते, हळू, पण वारं आमच्याकडे येत होतं.

"चबूतरे वालों के घर से आए हैं?"

"हाँ. पिताजी हैं."

"तूने बताया?"

"मेरे से नहीं होगा."

"अभी पिछले महीने फिर एक मोटरसाइकल गिरी वहीं. बच गया लड़का. रेत पकड़ता है वो चबूतरा. हटाए कौन, मरे हुए का है."

आप्पांना हिंदी बोलायला येत नाही, पण कळतं सगळं. त्यांच्या हातात कप तसाच राहिला. मग ते उठले आणि वळणाकडे चालायला लागले. मी मागून गेले.

पाटी आम्ही ठेवली तशीच उभी होती. तिच्या मागे वाळूची एक शेपटी तयार झाली होती, वीतभर, रस्त्याकडे तोंड करून. चहा पिईपर्यंत एवढी. आप्पा खाली बसले. त्यांनी शेपटी हातानं पुसली आणि बघत बसले. दाणे पाटीला येऊन धडकायचे, कडेनं वळायचे आणि मागे जिथे वारं पोचत नव्हतं तिथे गप पडायचे. थोड्या वेळात पुन्हा छोटासा उंचवटा. टेकडी अशीच होते. वाटेत काहीतरी उभं असतं, एखादं झुडूप, एखादा दगड, त्याच्या आडोशाला वाळू थांबते आणि मग ती थांबलेली वाळूच पुढच्या वाळूला अडवते. माझ्या वर्गातल्या कुठल्याही पोरानं हे पाठ म्हणून दाखवलं असतं. आप्पांना ते त्यांच्या पोराच्या नावामागे बघावं लागलं.

"वैशे," ते म्हणाले, "तवा हितं काय व्हतं?"

मी खेतारामला विचारलं. तो मागून आला होता. त्यानं सांगितलं, तेव्हा इथे आकाचं, म्हणजे आपल्या रुईचं, झुडूप होतं, आपोआप उगवलेलं. आदल्या दिवशी आंधी आली होती. बस.

"झुडूप," आप्पा म्हणाले. "म्हंजी कुनीच न्हाई."

मी कधी आप्पांना मोठ्यानं रडताना बघितलं नव्हतं. सुनीलला आणला त्या दिवशीही नाही. त्या दिवशी ते शिव्या देत होते. आता ते रस्त्याच्या कडेला मांडी घालून बसले आणि लहान मुलासारखे रडले. तीन वर्षं त्यांच्याकडे तो एक माणूस होता, वाळू टाकणारा. त्याच्यावर रागवत रागवत दिवस जात होते. तोही गेला. मी त्यांना धरून बसले आणि मलाही त्या माणसाची उणीव भासायला लागली.

रडून झाल्यावर त्यांनी टोपीनं तोंड पुसलं, उठले आणि चौथऱ्याचा वरचा दगड उचलला.

मला आधी वाटलं पाटीसाठी जागा करतायत. त्यांनी तो दगड बाजूला ठेवला आणि दुसरा उचलला. तेव्हा कळलं. मी ओरडले, हो, बापावर ओरडले. "आप्पा, काय करताय? एवढंच उरलंय त्याचं इथं! आईला काय सांगायचं?" मी त्यांचा हात धरला. खेतारामही पुढे आला, "बाबूजी, मत करो, पाप लगेगा."

आप्पांनी माझा हात हळूच सोडवला. "कुनाचं तरी पोरगं येतंय की गं ह्या रस्त्यानं."

मी पदर खोचला. आम्ही तिघांनी दगड काढले. खेताराम म्हणाला, रस्त्यापासून लांब, वारं येतं त्या बाजूला, सरकारनं काट्यांच्या ओळी लावल्यात, वाळू तिथेच अडावी म्हणून. दगड तिकडे नेले तर अडवायच्या कामाला येतील. ऊन चढत होतं, दगड तापले होते, वाळूत पाय रुतत होते. मी म्हटलं, तिकडेच चौथरा पुन्हा रचू. आप्पा म्हणाले, "तितं वाळूखाली जानार त्यो. जाऊ दे. पसरून टाक." रंगवलेल्या नावाचा दगड त्यांनी सगळ्यात शेवटी नेला आणि नाव वर करून ठेवला. त्यावर लगेच दोन-चार दाणे आले. ते त्यांनी पुसले नाहीत.

मागे राहिलेला ढीग खेतारामनं जीपमधलं फावडं काढून रस्त्यावरून ओढला. आईनं दिलेला कुंद्याचा डबा आम्ही टपरीवर ठेवला. चहाचे पैसे चहावाल्यानं घेतले नाहीत. पाटी आप्पांनी परत टॉवेलात गुंडाळली.

परतीचं काय सांगू. तोच रस्ता, तीच गाडी. सूर्यास्ताच्या टेकड्या, उंट, ते मखमली वाळूचे फोटो, त्यासाठी तुम्ही सम किंवा खुरी या गावांत एक रात्र राहा, सुंदरच असणार. रस्त्यावर वाळूचे दोरे दिसले तर ड्रायव्हरला हळू घ्यायला सांगा, लाजू नका.

बेळगावला उतरलो. आईनं दारातच विचारलं, "लावली का पाटी? हार घातलासा?" मी तोंड उघडलं, पण आप्पाच बोलले. "काडला चौथरा. मी हातानं काडला." आणि बसून तिला सगळं सांगितलं, न थांबता, वाळू कशी सरपटते, कशी थांबते, पाटीमागे काय झालं. आई ऐकत होती. संपल्यावर एवढंच म्हणाली, "दगडं तापली असतील. हात बगू." आणि त्यांच्या तळहातांना खोबरेल लावत बसली.

मी दोघांना सोडायला कोगनोळीला गेले. पाटी मळ्यात विहिरीच्या काठावर आडवी ठेवलीय. फोटो सोप्यात आहे तसाच आहे, आई दिवा लावते. आता नसलेल्या चौथऱ्यासमोर दिवा लावायचा का, हे तिला विचारायची माझी हिंमत झाली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी वारं सुटलं होतं. बाबूची नवी वाळू आली होती, गिलाव्याची, बारीक. ढिगाची कड रस्त्यावर पसरली होती. आप्पांना बाहेर येताना बघून बाबू खोरं टाकून धावत आला, "आप्पा, दुपारपातुर उचलतो, आईशपथ." आप्पांनी खाली पडलेलं खोरं उचललं आणि रस्त्यावरची वाळू आत ओढायला लागले. बाबूनं माझ्याकडे बघितलं. मग घाबरतच विचारलं, "रागावला न्हाईसा न्हवं?"

आप्पा थांबले. खोऱ्यावर दोन्ही हात ठेवून उभे राहिले.

"कुनावर रागवू रं आता?"

बाबूनं वाळू भरायला पाटी आणली. दोघं दुपारपर्यंत वाळू ओढत होते.